हुडकेश्वरचा बेलचा

दिवाळी अंकात प्रवासावर लिहायचे म्हणजे लेखकाने निदान काश्मीरपर्यंत तरी जाऊन यावे, अशी वाचकांची अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. मी मात्र आपल्याला जिथे नेणार आहे, तिथे जायला आरक्षण लागत नाही की लोकरी कपडे लागत नाहीत. नागपुरात म्हाळगीनगरचा चौक ओलांडून दक्षिणेची वाट धरली की ती हुडकेश्वरला जाते. सीताबर्डीहून हे अंतर आठ-दहा किलोमीटरांचे. पाहण्यासारखे काय आहे, असे विचाराल तर प्रवाशांच्या मार्गदर्शिकेत छापता येईल असे काहीही नाही. मंगल कार्यालये आहेत, शिकवणी वर्गांचे फलक आहेत, बांधकामाच्या वाळूचे ढीग आहेत, आणि ज्याला आमच्याकडे सगळेच ‘लेआउट’ म्हणतात अशा, शेताचे तुकडे पाडून वसवलेल्या वस्त्या आहेत.

पण गाव असे एकदम नाहीसे होत नाही. ग्रामपंचायत जाऊन महानगरपालिका आली त्याला दशकाहून अधिक काळ लोटला, तरी दोन बंगल्यांच्या मधल्या रिकाम्या भूखंडावर अजून एखादी म्हैस निवांत बसलेली दिसते. उन्हाळ्यात तिथल्या काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती फुगून नव्या घरांच्या भिंतींना तडे पाडते. गृहस्थ मंडळी कंत्राटदाराला बोल लावतात. जुनी माणसे हसतात आणि म्हणतात, ‘ही कापसाची जमीन आहे, तिला घराची सवय नाही.’

अशाच जुन्या माणसांपैकी एक आमचे शेजारी. सैन्याच्या इंजिनिअर पलटणीतून ते सुभेदार म्हणून निवृत्त झाले. वय पंचाहत्तरीच्या घरात, पण पाठ अजून ताठ. गल्लीत त्यांना सगळे सुभेदारसाहेब म्हणतात, घरात नातू ‘आबाजी’ म्हणतो. हा नातू बुटीबोरीच्या एका कारखान्यात नोकरीला आहे आणि उरलेल्या वेळात त्याचा जीव एका जीपगाडीत अडकलेला असतो. लिलावातून फिरत फिरत आलेला तिचा सांगाडा त्याने पगारातून पैसे साठवून आणला. आज तीन वर्षे ती गाडी अंगणात विटांवर उभी आहे. तिला चाके येतात तेव्हा इंजिन गेलेले असते आणि इंजिन येते तेव्हा चाके कुणीतरी उसनी नेलेली असतात.

या जीपच्या जातीचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. नकाशा एकच, पण अभिमान वेगळा. फोर्डने आपल्या बोल्टांवरसुद्धा इंग्रजी ‘एफ’ हे अक्षर उमटवले, त्यामुळे आजही जाणकार माणूस एका बोल्टावरून गाडीचे कूळ सांगतो. युद्ध संपल्यावर आपल्या देशात लष्कराचा शिल्लक माल ‘डिस्पोजल’ म्हणून विकायला निघाला, तो तंबू-कांबळ्यांपासून मोटारींपर्यंत. १९४५ मध्ये ‘महिंद्र अँड महंमद’ ही कंपनी निघाली, तिने १९४७ पासून जीपची जुळणी सुरू केली आणि १९४८ मध्ये ती ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाली. खेड्यापाड्यांत मामलेदारांपासून निवडणुकीच्या उमेदवारांपर्यंत सर्वांना या गाडीने वाहिले आहे.

युद्धातल्या जीपच्या डाव्या अंगाला, चालकाच्या पायाजवळ, एक कुऱ्हाड आणि एक बेलचा पट्ट्यांनी बांधलेला असे. गाडी चिखलात रुतली तर खणून काढायची, वाटेत झाड आडवे आले तर तोडायचे. ही दोन अवजारे नसतील तर जीप कितीही सजवा, जाणकारांच्या लेखी ती अपुरी. नातवाला कुऱ्हाड मिळाली होती. बेलच्यासाठी तो भंगारबाजार पालथा घालत होता, तेव्हा सुभेदारसाहेबांनीच आठवण काढली की घरच्या माळ्यावर एक आहे.

शहरी वाचकांसाठी इथे सांगायला हवे की बेलचा म्हणजे आपले फावडे नव्हे. फावड्याचे तोंड वापरणाऱ्याकडे असते, माती ओढून घ्यायची म्हणून. बेलच्याचे पाते सरळ पुढे असते, माती उचलून लांब टाकायची म्हणून. माळ्यावरून उतरलेल्या बेलच्याला सरळ लाकडी दांडा होता, वर धरायला आडवी मूठ होती आणि दांड्याला घट्ट कवटाळणाऱ्या दोन लोखंडी पट्ट्या पात्यापासून वर आलेल्या होत्या. दांडा वाळवीने पोखरला होता आणि पाते गंजाने तांबडे झाले होते. पात्याच्या पाठीवर बोट फिरवले की एक ठसा लागे. वर टोक केलेला, तीन फाट्यांचा बाण.

हा बाण आपण सर्वांनी पाहिलेला आहे, फक्त ओळख नसते. कामठी रस्त्याने लष्कराची गाडी गेली तर तिच्या क्रमांकाच्या पाटीवर सुरुवातीलाच असा बाण असतो. त्याच्या पुढचे दोन आकडे वर्ष सांगतात. ही खूण मूळची ब्रिटिश सरकारी मालाची. बंदुकीपासून बादलीपर्यंत जे जे सरकारचे, त्यावर बाण, म्हणजे कुणी घरी नेऊ नये. ब्रिटिश गेले, बाण राहिला. १८२१ मध्ये वसलेल्या कामठीच्या छावणीने असे किती बाण पाहिले असतील!

“मग हा सरकारी माल तुमच्या माळ्यावर कसा?” मी विचारले.

“चोरीचा नाही, सर,” सुभेदारसाहेब हसून म्हणाले. “बाबा ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. चौवेचाळीस साली तिकडे रस्ते खंदले त्यांनी. लढाई संपल्यावर घरी आले अन् डिस्पोजलमधून हा विकत घेतला. म्हणे, हाताले याचीच सवय झाली.”

म्हणजे ज्याने इम्फाळकडच्या डोंगरात रस्ते खणले तो हा बेलचा नव्हे, त्याचा भाऊबंद. माणसाने युद्धातून आणावे ते काय, तर हाताची एक सवय! मला ही हकीगत फार आवडली.

आता खरा तंटा सुरू झाला. आपला असा समज असतो की जुन्या माणसाला जुने जपायचे असते आणि तरुणाला नवे हवे असते. इथे उलटे झाले. सुभेदारसाहेबांचे म्हणणे, पाते कानशीने आणि तारेच्या ब्रशाने घासून पांढरे करा, हिरवा रंग मारा, नवा दांडा घाला आणि गाडीला बांधा. नातू म्हणे, याला हात लावायचा नाही, जसा आहे तसाच ठेवायचा. एका रविवारी दोघांनी मला मध्ये घेतले. मराठीच्या प्राध्यापकाला जगातल्या कोणत्याही वादात निवाडा करता येतो, असा आमच्या गल्लीत एक गोड गैरसमज आहे.

“अजी सर, तुम्हीच सांगा,” सुभेदारसाहेब म्हणाले. “फौजेत अवजारावर गंज दिसला तं जवानाले शिक्षा होते. आम्ही उभी नोकरी घासण्यात काढली. अन् हा म्हणते, गंज राहू द्या. गंजाची कुठं पूजा असते?”

माझ्याजवळ माझ्या धंद्यातलेच उदाहरण होते, तेच दिले. जुनी पोथी छापायची तर संपादक काय करतो? आमच्याच नागपूरच्या डॉ. वि. भि. कोलते यांनी ‘लीळाचरित्रा’चे संपादन केले, ते १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा कामात एका पोथीवर भागत नाही. अनेक पोथ्या ताडून पाहाव्या लागतात आणि पाठभेद नोंदवावे लागतात. लेखनिकाची चूक वाटली तरी ती खोडून टाकायची नसते, कारण आज जी चूक वाटते तिच्यातच उद्या एखादा जुना शब्द सापडतो. बेलचाही तसाच वाचावा, असे मी म्हणालो.

सुभेदारसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “पोथीले गंज नाही लागत, सर.”

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्यांचे बरोबरच होते. गंज म्हणजे म्हातारपणाची शोभा नव्हे, तो रोग आहे. लोखंड, हवा आणि ओल यांची गाठ पडली की तो आत आत खात जातो. नुसता तसाच ठेवलेला बेलचा आणखी पन्नास वर्षांनी चाळणी होईल. तेव्हा प्रश्न घासावे की नाही हा नव्हता, किती घासावे आणि कुठे थांबावे हा होता.

हाच प्रश्न मोठमोठ्या ठिकाणी पडतो. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी भोसले यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात आली. महाराष्ट्र सरकारने ती सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोचली. पाते युरोपी बनावटीचे, म्हणून तिला फिरंग म्हणतात. त्या पात्याच्या पाठीवर सोन्याच्या पाण्याने देवनागरीत रघूजींचे नाव आणि ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब लिहिलेला आहे. त्या अक्षरांमुळेच ती कोणाची हे कळले. मधल्या पावणेतीनशे वर्षांत एखाद्या उत्साही सेवकाने दर दसऱ्याला ती वीटकरीने घासून लख्ख केली असती तर? तलवार लखलखली असती आणि मुकी झाली असती. उलट अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. तिथले पोलादी धूड उघड्यावर उभे असते, त्याला वेळोवेळी रंग चढवला नाही तर ऊनपाऊस ते खाऊन टाकील. म्हणजे रंग सरसकट वाईट नाही आणि घासणे सरसकट चांगले नाही. आज आपण जे करू ते पुढच्या माणसाला उलगडता आले पाहिजे, एवढे एक सूत्र जाणकार पाळतात.

शेवटी असे ठरले की आधी ‘खिडकी’ पाडून पाहावी. ही युक्ती नातवाने कुठूनशी शिकून ठेवली होती. पात्याच्या कोपऱ्यात रुपयाएवढी जागा घ्यायची आणि बारीक वॉटर पेपर पाण्यात बुडवून तेवढीच हलक्या हाताने घासायची. वरचा रंग जातो, खालचा दिसतो, तो गेला की त्याखालचा. कडेकडेने वलये उमटतात, झाडाच्या खोडात दिसतात तशी. मात्र हे काम ओले करूनच करावे आणि तोंडाला फडके बांधावे, पोराबाळांना जवळ येऊ देऊ नये. जुन्या रंगांत शिसे असते आणि त्याची कोरडी धूळ विषारी.

खिडकीत तीन वलये उमटली. सर्वांत वर कुणीतरी कधीतरी फासलेला बाजारी हिरवा. मध्ये केशरी-तांबडा. आणि तळाशी, लोखंडाला चिकटून, मळकट मातकट हिरवा, ज्याला चमक म्हणून नाही. लष्करी रंग तसाच असतो. चकाकणारे अवजार विमानातून शत्रूला दिसते, म्हणून तो मुद्दाम निस्तेज करतात. नातू हरखला. पण सुभेदारसाहेबांचे डोळे मधल्या तांबड्यावर खिळले होते.

“हा शेंदूर,” ते म्हणाले. “बाबा पोळ्याच्या आदल्या दिवशी जवसाच्या तेलात शेंदूर कालवत आणि सगळ्या अवजारांना लावत. आम्हाले वाटे, मारुतीसारखी पूजाच चालली आहे.”

वाचकहो, मारुतीला लावतो तो अस्सल शेंदूर म्हणजे शिसे तापवून केलेली तांबडी भुकटी. जवसाच्या तेलात ती कालवली की लोखंडाला गंज न चढू देणारे उत्तम अस्तर होते. जगभर पूल आणि जहाजे अनेक वर्षे याच रंगाने रंगवत. ते विषारी म्हणून अलीकडे मागे पडले आणि रेड ऑक्साईड आले. ब्रह्मदेशात इंजिनिअर पलटणीत शिकलेली विद्या त्या शेतकऱ्याने हुडकेश्वरच्या गोठ्यात पोळ्याच्या निमित्ताने चालवली होती.

पोरे जवळ नव्हती, पण आजी ओसरीवर गहू निवडत बसल्या होत्या. सुभेदारसाहेबांनी कानस उचलली आणि पट्ट्यांच्या कडा साफ करायला घेतल्या. तिथे तांबड्या रंगाखाली खडबडीत काहीतरी लागत होते, ते सपाट करावे म्हणून. दोन हात फिरले असतील नसतील, तोच आजी सूप ठेवून उठल्या.

“अवो, थांबा! ती कानस खाली ठेवा आधी. त्या मामाजींच्या खुणा आहेत.”

आजी या घरात सून म्हणून आल्या त्याला पन्नास वर्षे होत आली. त्यांच्या सासूबाई सांगत की शेतात विहीर खणली तेव्हा रोज संध्याकाळी मामाजी खोली मोजत आणि एक हात खाली गेले की कानशीने पट्टीवर एक खाच पाडत. आधी काळी माती, मग मुरूम, मग खडक. सब्बलीने फोडायचे, बेलच्याने टोपलीत भरायचे, दोराने वर ओढायचे. “सत्तावीस हातांवर पाणी लागलं, असं सासूबाई सांगत,” आजी म्हणाल्या.

नातवाने रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पट्टी पुसली आणि नखाने मोजत गेला. मग मी मोजल्या. सत्तावीस.

हात म्हणजे सुमारे दीड फूट. चाळीस फूट विहीर. ती विहीर आता नाही. शेत विकले गेले, लेआउट पडले, विहिरीत ट्रकने भर घातली गेली आणि तिच्यावर चार मजली इमारत उभी आहे. सातबारावर विहिरीची नोंद एका शब्दाची असते, किती हातांवर पाणी लागले हे तिथे कुणी लिहीत नाही. ते फक्त या लोखंडावर लिहिलेले होते आणि कानशीचे आणखी दोन हात फिरले असते तर पुसले गेले असते. सुभेदारसाहेब बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी कानस पेटीत ठेवली आणि पेटीचे झाकण लावले.

पुढचे काम तिघांनी मिळून केले. सुटा गंज मऊ तारेच्या ब्रशाने झाडला. जिथे तो खोल होता तिथे सिरक्यात भिजवलेले फडके रात्रभर गुंडाळून ठेवले. सकाळी खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतले, कारण आंबटपणा उरला तर गंज पुन्हा दुप्पट येतो. लगेच उन्हात वाळवून तेलाचा पातळ हात दिला. बाण, शेंदूर आणि खाचा जिथल्या तिथे राहिल्या. नवा रंग कुठेही लावला नाही. दांडा मात्र नवा घालावा लागला. तो धावड्याचा केला, कारण कुऱ्हाडीच्या दांड्याला आमच्या रानात त्याच्यासारखे चिवट लाकूड नाही. काचकागदाने तो गुळगुळीत करून त्यात जवसाचे तेल जिरवले. आठवडाभर रोज एकदा, मग महिनाभर आठवड्यातून एकदा, मग वर्षभर महिन्यातून एकदा, असा याचा जुना नेम आहे. गृहिणींनी एवढे मात्र ध्यानात ठेवावे की या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापतात आणि पेट घेतात. ती पसरून वाळवावीत.

पोखरलेला जुना दांडा आजींनी टाकू दिला नाही. तो उन्हात तापवून, रॉकेल पाजून पुन्हा माळ्यावर गेला. जीपसाठी नातवाने भंगारबाजारातून दुसरा बेलचा आणला. त्याच्यावर ना खाच होती ना आठवण, म्हणून तो सुभेदारसाहेबांच्या हवाली केला. त्यांनी तो फौजी शिस्तीत घासला, अस्तर लावले, चमक नसलेला हिरवा रंग दोन वेळा चढवला आणि असा सरळ बांधला की तपासणीला आलेल्या साहेबालाही बोट ठेवायला जागा मिळू नये.

खंडेनवमीला त्यांच्याकडे मला बोलावणे होते. आपल्याकडे या दिवशी शस्त्रांची आणि अवजारांची पूजा एकाच पाटावर होते. तलवारीला वेगळा मान आणि नांगराला वेगळा, असा भेद शास्त्रानेही केलेला नाही. पाटावर नातवाचे पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर होते, आजींची विळी होती, माझ्या मुलीने आग्रहाने नेऊन ठेवलेले माझे फाउंटन पेन होते, आणि मधोमध बेलचा. आजींनी हळदकुंकू वाहिले, झेंडूचे फूल ठेवले.

प्रसाद झाल्यावर सुभेदारसाहेबांनी पाटावरचा बेलचा उचलला आणि अंगणात गेले. फाटकाजवळ लावायचे म्हणून संत्र्याचे एक कलम आठ दिवस कुंडीत वाट पाहत होते.

“आबाजी, त्यानं नका खंदू!” नातू ओरडला.

“बेलचा आहे तो, बाबू,” सुभेदारसाहेब म्हणाले आणि पात्यावर पाय दिला.

पावसाने मऊ झालेली काळी माती होती. पाते सहज आत गेले. हातभर खड्डा झाला, कलम लागले, आजींनी तांब्याभर पाणी घातले. मग सुभेदारसाहेब पायरीवर बसले, पात्याची माती त्यांनी काडीने काढली, फडक्याने पुसली, तेलाचे बोट फिरवले आणि पट्टीवरच्या खाचांत अडकलेली माती सुईने एकेक करून मोकळी केली. नातू शेजारी बसून तेलाची वाटी धरत होता.